पीएचडीची फेलोशिप: निवड कशी करायची आणि पहिला हप्ता येईपर्यंत काय करायचे

नेट या पात्रता परीक्षेतून मिळणारी जेआरएफ, सीएसआयआर, केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर, राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती, शिवाय एखाद्या आयआयटीचा प्रवेश अर्ज. संशोधनाकडे वळणारे बरेच विद्यार्थी एकाच वर्षी यातल्या तीन-चार ठिकाणी अर्ज टाकून बसतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, महिना किती? त्याचे उत्तर जवळपास सगळीकडे सारखे आहे. केंद्राने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, ३१,००० वरून ३७,००० आणि वरिष्ठ, म्हणजे एसआरएफ, ३५,००० वरून ४२,००० रुपये केली. बहुतेक योजना याच दराच्या मागून चालतात.

म्हणून आकड्यावरून निवड करायला फारसा वाव नाही. निवड करायची ती तीन गोष्टींवरून: फेलोशिप कोणाला बांधलेली आहे, तिची मुदत कोणत्या तारखेपासून मोजली जाते आणि दर महिन्याचे पैसे कोणाच्या सहीवर सुटतात. तिसरी गोष्ट कोणी विचारत नाही, आणि पुढची पाच वर्षे सगळ्यात जास्त मनस्ताप तीच देते.

पायरी १: फेलोशिप कोणाला बांधलेली आहे ते पाहा

यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) यांची जेआरएफ तुमच्या नावावर असते. मान्यताप्राप्त विद्यापीठात किंवा संशोधन केंद्रात जागा आणि मार्गदर्शक मिळवा, फेलोशिप तुमच्याबरोबर येते. सौदा करण्याची ताकद यातच आहे: तुम्हाला घेताना मार्गदर्शकाला स्वतःच्या प्रकल्पातून एक रुपया खर्च करावा लागत नाही.

आयआयटी, तसेच आयसर, टीआयएफआर यांसारख्या केंद्रीय विज्ञान संस्थांची फेलोशिप संस्थेची असते. प्रवेश म्हणजेच फेलोशिप. संस्था सोडली की तीही गेली. पंतप्रधान संशोधन फेलोशिप, म्हणजे पीएमआरएफ, याच जातीची. फक्त रक्कम मोठी. ती पहिली दोन वर्षे ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि शेवटची दोन वर्षे ८०,००० रुपये अशी आखलेली आहे, वर वर्षाला दोन लाखांचे संशोधन अनुदान. मात्र तिचा दरवर्षी आढावा होतो. नव्या फेरीचे नियम आधीच्या फेरीसारखेच असतील असे गृहीत धरू नका. त्या वर्षीची जाहिरात हाच आधार.

तिसरा प्रकार प्रकल्पातली जेआरएफ. एखाद्या प्राध्यापकाला मिळालेल्या प्रकल्पावर नेट किंवा गेट उत्तीर्ण उमेदवार घेतला जातो, पगारही ३७,००० अधिक घरभाडे असाच असतो. नाव तेच, रक्कम तीच, पण ही फेलोशिप नव्हे, नेमणूक आहे. प्रकल्प साधारण तीन वर्षांचा असतो आणि पीएचडी तीन वर्षांत क्वचित संपते. शिवाय तुम्ही रुजू व्हाल तेव्हा प्रकल्पाचे एक वर्ष आधीच सरलेले असू शकते. प्रकल्प कधी संपतो, मुदतवाढ मिळण्यासारखी आहे का आणि या कामावर पीएचडीची नोंदणी करता येईल का, हे तीन प्रश्न मुलाखतीतच विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण चांगला मार्गदर्शक यावर रागावत नाही.

राज्याच्या योजना चौथ्या प्रकारात मोडतात. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी पुण्याचीच सारथी, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. इथे क्रम उलटा असतो: आधी पीएचडीची नोंदणी, मग फेलोशिपचा अर्ज. म्हणजे जाहिरात निघून निवड होईपर्यंत तुम्ही विनावेतन संशोधक असता. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याने या संस्थांसाठी समान धोरण आणले आणि जागांवर मर्यादा आली. पूर्वी पात्र ठरलेल्या सगळ्यांना मिळाली, म्हणून आपल्यालाही मिळेल, हा हिशेब आता धरू नये.

केंद्राच्या प्रवर्गनिहाय योजनाही डोळ्यासमोर ठेवा. अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिपच्या वर्षाला २,००० जागा असतात आणि त्यांची निवड नेटच्याच गुणांवरून होते. अनुसूचित जमातींसाठी ७५० जागा असून त्यासाठी आदिवासी कार्य मंत्रालयाच्या पोर्टलवर वेगळा अर्ज करावा लागतो. आईवडिलांचे एकुलते एक अपत्य असलेल्या मुलींसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिप आहे. ज्यांचे जेआरएफचे वय उलटून गेले आहे अशा मुलींनी तिच्याकडे जरूर पाहावे, कारण तिची वयोमर्यादा खुल्या गटासाठी ४० आहे. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली, तरी जुन्या यादीत ती अजून दिसते.

पायरी २: हातात खरोखर किती येणार ते मांडा

मूळ रक्कम सारखी असली तरी गावाप्रमाणे घरभाडे भत्ता बदलतो. केंद्राच्या वर्गीकरणात मुंबई आणि पुणे एक्स वर्गात आहेत. नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, सोलापूर, अमरावती, नांदेड, सांगली ही वाय वर्गात. जळगाव, गडचिरोली, रत्नागिरी झेड वर्गात. गोव्याला मात्र वाय वर्गाचाच दर लागू आहे. केंद्रीय महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यामुळे जानेवारी २०२४ पासून केंद्राचा दर अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के आहे.

३७,००० वर हे लावून पाहा. पुण्यात ११,१०० मिळून ४८,१००. कोल्हापूर किंवा पणजीत ७,४०० मिळून ४४,४००. जळगावात ३,७०० मिळून ४०,७००. मंजुरीपत्रात किंवा पोर्टलवर २७, १८, ९ हा जुना दर दिसला तर पुण्यातली रक्कम ९,९९० होते, म्हणजे महिन्याला १,११० कमी. तसे दिसल्यास संस्थेच्या लेखा विभागाकडून लेखी खुलासा मागा.

घरभाड्याची एक खोच आहे. विद्यापीठाने वसतिगृहात जागा दिली आणि तुम्ही नाकारली, तर यूजीसीच्या नियमाप्रमाणे घरभाड्याचा हक्क जातो. म्हणून बाहेर राहायचे असेल तर वसतिगृहाचा अर्ज भरण्याआधी विचार करा. जागा नसल्यामुळेच बाहेर राहत असाल तर रेक्टरकडून ‘जागा उपलब्ध नाही’ असा दाखला पहिल्याच महिन्यात घेऊन ठेवा. तीन वर्षांनी तो कोणी मागच्या तारखेने देत नाही.

मग येते आकस्मिक खर्चाची रक्कम, जिला सगळे कंटिन्जन्सी म्हणतात. यूजीसीकडून कला व सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षे वर्षाला १०,००० आणि पुढे २०,५००, विज्ञानाला १२,००० आणि पुढे २५,०००. सीएसआयआरकडून वर्षाला सरसकट २०,०००. पाच वर्षांची बेरीज केली तर विज्ञानात यूजीसीचे ९९,००० आणि सीएसआयआरचे एक लाख होतात. यावरून दोघांत डावे-उजवे करण्यात अर्थ नाही.

आता पाच वर्षांचा हिशेब. पुण्यात यूजीसी जेआरएफची दोन वर्षे ४८,१०० आणि एसआरएफची तीन वर्षे ५४,६०० धरली तर एकूण ३१ लाख २० हजार होतात. पीएमआरएफच्या मूळ आखणीत ही बेरीज ४५ लाख होते, घरभाडे वेगळे नाही. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएसएसआरची, डॉक्टरल फेलोशिप महिना २०,००० आणि मुदत दोन वर्षे, म्हणजे कंटिन्जन्सी सोडून ४ लाख ८० हजार. केंद्रीय विद्यापीठांतली नेटविना फेलोशिप महिना ८,०००. यांत खरी दरी आहे आणि तिथे आकड्यावरून निर्णय घेणे रास्तच. ३७,००० च्या गटात आपापसात तुलना करताना मात्र शंभर-दोनशे रुपयांत अडकू नका.

एका वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक पर्यायापुढे हे रकाने भरा: महिन्याची एकूण रक्कम, किती वर्षे, मुदत कधीपासून, पैसे माझ्या खात्यात थेट की संस्थेमार्फत, दर महिन्याला की एकदम, बाहेर शिकवायला परवानगी आहे का, मध्येच सोडल्यास परतफेड आहे का. शेवटचे तीन रकाने भरायला माहितीपुस्तिका पुरत नाही. त्या विभागातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या संशोधकाला गाठा आणि एवढेच विचारा, मागच्या सहा महिन्यांत पैसे किती वेळा आले?

पायरी ३: तारखांचा गुंता सोडवा

यूजीसी जेआरएफच्या अवॉर्ड लेटरची, म्हणजे फेलोशिप मंजूर झाल्याच्या पत्राची, वैधता तीन वर्षे असते. तेवढ्या काळात पीएचडीला प्रवेश घेऊन रुजू व्हावे लागते. तीन वर्षे पुष्कळ वाटतात, पण अडचण जागांची असते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच संशोधक असू शकतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे ते नवा विद्यार्थी घेऊ शकत नाहीत. प्रवेशप्रक्रिया वर्षातून एकदा आणि तीही लांबली, तर हातात मोजून दोन संधी उरतात. म्हणून निकाल लागल्याच्या आठवड्यातच मार्गदर्शकांना पत्रे पाठवायला सुरुवात करावी. प्रमाणपत्राची वाट पाहू नये.

जेआरएफ न मिळता फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरलात, तर मुदत आणखी कमी आहे. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह सर्व, सहायक प्राध्यापक व पीएचडी, आणि केवळ पीएचडी. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. त्यात नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो.

मुदत कधीपासून सुरू होते? तुम्ही आधीच पीएचडी करत असाल आणि नंतर जेआरएफ मिळाली, तर निकालाची तारीख आणि रुजू झाल्याची तारीख यांतली जी नंतरची ती धरतात. निकालाआधीच्या महिन्यांचे पैसे मिळत नाहीत. राज्याच्या योजनांत नेमका हाच वादाचा मुद्दा असतो: नोंदणीच्या तारखेपासून द्यायचे की निवडीच्या. यावरून आंदोलने झाली आहेत. त्यामुळे ज्या जाहिरातीखाली तुमची निवड झाली ती जाहिरात आणि तिच्यात उल्लेखलेला शासन निर्णय दोन्ही पीडीएफ स्वरूपात जपून ठेवा. संकेतस्थळावरून त्या नाहीशा होतात.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणखी एक घोळ असतो. प्रवेश निश्चितीची तारीख, फी भरल्याची तारीख आणि संशोधन व मान्यता समितीने विषय मंजूर केल्याची तारीख या तीन वेगळ्या असतात आणि त्यांत कित्येक महिन्यांचे अंतर पडते. अर्जातल्या ‘नोंदणी दिनांक’ या रकान्यात कोणती लिहायची ते विद्यापीठाच्या पीएचडी विभागाने दिलेल्या पत्रावरून ठरवा, अंदाजाने नाही. पत्रावर एक तारीख आणि अर्जात दुसरी असली की छाननीत अर्ज बाजूला पडतो.

पायरी ४: निकालाची वाट पाहताना

नेटनंतर साधारण हा क्रम असतो: तात्पुरती उत्तरसूची, हरकती, अंतिम उत्तरसूची, निकाल, मग ई-प्रमाणपत्र आणि अवॉर्ड लेटर. हरकतीसाठी प्रत्येक प्रश्नाला २०० रुपये लागतात आणि ते परत मिळत नाहीत. तरी पुस्तकाच्या पानाचा भक्कम पुरावा असेल तर पैसे घाला. चुकीचा ठरलेला प्रश्न सगळ्यांचा निकाल बदलतो आणि जेआरएफची सीमारेषा काही वेळा एका प्रश्नाच्या गुणांवर असते. अंतिम उत्तरसूचीनंतर फेरतपासणी नाही.

गुणांची तुलना दुसऱ्या विषयाच्या विद्यार्थ्याशी करू नका. प्रत्येक विषयाची आणि प्रत्येक प्रवर्गाची सीमारेषा वेगळी असते. मराठीत जेआरएफ मिळवून देणारे गुण राज्यशास्त्रात अपुरे पडू शकतात. मागच्या तीन-चार फेऱ्यांची आपल्या विषयाची आणि प्रवर्गाची सीमारेषा शेजारी शेजारी लिहा, साधारण अंदाज येतो. त्यापलीकडचे सगळे अंदाज करमणुकीपुरते.

विज्ञान शाखांसाठी सीएसआयआर आणि यूजीसीची परीक्षा संयुक्त आहे. निकालात तुमच्या जेआरएफचे पैसे सीएसआयआर देणार की यूजीसी, ते पाहा. पुढचे सगळे अर्ज, नमुने आणि पोर्टल त्यावर ठरतात. एकाच प्रयोगशाळेत शेजारी बसणाऱ्या दोघांची प्रक्रिया वेगळी असते आणि मित्राचा नमुना उतरवून घेतल्यामुळे अर्ज परत येतात.

वेळापत्रकावर विसंबून नोकरी सोडू नये. जून २०२४ ची नेट १८ तारखेला झाली आणि १९ ला रद्द झाली. फेरपरीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात आणि निकाल ऑक्टोबरात. राज्यातही बार्टी-सारथी-महाज्योतीच्या सामायिक चाळणी परीक्षेत २४ डिसेंबर २०२३ ला २०१९ च्या सेटची, म्हणजे राज्य पात्रता परीक्षेची, प्रश्नपत्रिका आल्याचे उघड झाले आणि १० जानेवारी २०२४ ला ती पुन्हा घ्यावी लागली. तिच्यावरही आक्षेप आले. असे दर वर्षी होत नाही, पण होऊ शकते हे धरूनच खर्चाची आखणी करा. निकालापासून पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत सहा महिने बिनपैशांचे जातील असे समजा: खोलीचे भाडे, खानावळ, पीएचडीची पहिली फी आणि कोर्सवर्कच्या काळातला प्रवास.

या काळात बरेच जण तासिका तत्त्वावर शिकवतात. त्यात गैर काही नाही, फक्त फेलोशिपची रुजू तारीख आणि तासिकांची शेवटची तारीख एकमेकींवर येऊ देऊ नका. महाविद्यालयाकडून कार्यमुक्तीचे पत्र घ्या आणि त्यानंतरच्या दिवशी रुजू व्हा. मानधनाचा हप्ता चार महिन्यांनी खात्यात पडतो आणि तपासणीत तो फेलोशिपच्या काळातला दिसतो. अशा वेळी पत्र हाताशी नसेल तर वसुली निघते.

पायरी ५: कागद आधी, यादी नंतर

निवड यादी लागल्यावर कागद जमवायला सुरुवात करणाऱ्यांचे दोन-तीन महिने हमखास जातात. सगळ्यात जास्त वेळ खाते जात वैधता प्रमाणपत्र. राज्याच्या योजनेसाठी ते मागितले गेले आणि हाती नसेल तर तो प्रस्ताव आजच टाका. त्याखालोखाल नॉन-क्रिमीलेयर. यात ठेच लागते ती नमुन्याला. महाराष्ट्र शासनाच्या नमुन्यातले प्रमाणपत्र केंद्राच्या परीक्षेला चालत नाही. केंद्राचा नमुना वेगळा आहे आणि तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात तो तसा मागावा लागतो. भटक्या-विमुक्तांचे आणि विशेष मागास प्रवर्गाचे वेगळे रकाने केंद्रात नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर अर्ज ओबीसी म्हणून करायचा, नसेल तर खुल्या गटातून. अर्ज भरताना चुकीचा गट टाकला की नंतर दुरुस्तीची खिडकी चार-दोन दिवसांचीच उघडते.

नावाची तपासणी स्वतः करा, आणि अक्षरशः करा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचे नाव आधी, बँकेत वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर आणि पॅनवर चौथाच प्रकार असतो. त्यात लग्नानंतर बदललेले नाव असले तर राजपत्राची प्रतही लागते. नेटचा अर्ज, आधार आणि बँक खाते ही तीन नावे तरी एकसारखी हवीत. गुणपत्रिकेचा फरक प्रतिज्ञापत्राने भागतो. दुरुस्तीचा क्रम आधी आधार, मग बँक असा ठेवा.

आधारशी जोडलेल्या खात्याबद्दल एक बारीक गोष्ट. थेट लाभाचे पैसे आधारावर येत असतील तर ते तुम्ही शेवटी ज्या बँकेत आधार जोडणी केली तिथे जातात. मध्येच एखाद्या ॲपवरून नवे खाते उघडले आणि तिथे जोडणीला होकार दिला, की फेलोशिप त्या खात्यात वळते आणि तुम्ही जुन्या खात्याचे स्टेटमेंट पाहत बसता. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते. रुजू होण्याआधी एकदा पाहा आणि मग पाच वर्षे त्याला हात लावू नका.

पायरी ६: रुजू झाल्यापासून पहिल्या हप्त्यापर्यंत

यूजीसीचे पैसे कॅनरा बँकेच्या फेलोशिप पोर्टलवरून येतात. तुमच्या संस्थेत या पोर्टलची दोन माणसे असतात: माहिती भरणारा मेकर आणि ती मंजूर करणारा चेकर. तुम्ही स्वतः पोर्टलवर फारसे काही करू शकत नाही. मेकरने तुमचे अवॉर्ड लेटर, रुजू अहवाल, बँक तपशील चढवायचे, चेकरने मंजूर करायचे, मग यूजीसीकडून पुढे. एवढ्यावर थांबत नाही. दर महिन्याला संस्थेने ‘हा संशोधक कार्यरत आहे’ अशी पुष्टी पोर्टलवर करावी लागते. ती राहिली की त्या महिन्याचे पैसे थांबतात. मंजुरी दिल्लीतून असली तरी दर महिन्याची नाडी तुमच्याच प्रशासकीय इमारतीतल्या एका टेबलावर असते.

म्हणून प्रवेश घेण्याआधी विचारायचा प्रश्न असा: मेकर आणि चेकर कोण आहेत, आणि ते बदलले किंवा रजेवर गेले तर काम कोण पाहते? मोठ्या विद्यापीठाच्या विभागात याचे उत्तर तयार असते. एखाद्या संलग्न महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात, जिथे तुम्ही पहिलेच जेआरएफधारक असाल, तिथे पोर्टलवर केंद्राची नोंदणीच झालेली नसते. मग महाविद्यालय म्हणते विद्यापीठ करेल, विद्यापीठ म्हणते महाविद्यालयाने करावे. मार्गदर्शक कितीही चांगला असला तरी हे कोडे प्रवेशाआधी सोडवून घ्या.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात रुजू अहवालावर मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि कुलसचिव किंवा प्राचार्यांच्या सह्या घ्या, आवक क्रमांकासह पोच घ्या. दुसऱ्या आठवड्यात मेकरकडे जाऊन पोर्टलवर भरलेली माहिती त्याच्या पडद्यावर स्वतः वाचा: खाते क्रमांक, आयएफएससी, रुजू तारीख, घरभाड्याचा वर्ग. शहराचा वर्ग चुकून झेड पडला तर पुण्यात बसून जळगावचे घरभाडे मिळते. मग दर महिन्याच्या अखेरीस हजेरीपत्रक स्वतः विभागातून मेकरच्या टेबलापर्यंत न्या. कंटाळवाणे काम आहे, पण जिथे संशोधक आपापसात पाळी लावून सगळ्यांची हजेरी एकत्र नेतात तिथे पैसे जास्त नियमित येतात.

इन्स्पायरची तऱ्हा वेगळी. तिथे पैसे संस्थेच्या खात्यात येतात आणि संस्था तुम्हाला देते. मागच्या वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि खर्चाचा ताळेबंद गेल्याशिवाय पुढचा निधी सुटत नाही. लेखा विभागाची ही कागदपत्रे मार्च-एप्रिलमध्ये तयार होतात. मे महिन्यात ती गेली का, हे तुम्हीच विचारायचे. राज्याच्या योजनांत प्रगती अहवाल, हजेरी आणि घरभाड्याचे कागद गेल्यावर काही महिन्यांची रक्कम एकदम येते. ती आली की पुढच्या वाळवंटासाठी निम्मी बाजूला ठेवा.

पायरी ७: हातात दोन आल्या तर

एका वेळी एकच फेलोशिप, हा नियम सगळीकडे आहे आणि एका दिवसाचेही दुहेरी पैसे वसूल होतात. राज्याची फेलोशिप चालू असताना जेआरएफ मिळाली तर बहुतेकांनी जेआरएफकडेच जावे: ती तुमच्या नावावर आहे आणि हप्ते महिन्याच्या हिशेबाने येतात. पण पहिली सोडण्याआधी दुसरीचे अवॉर्ड लेटर हातात हवे, नुसता निकाल नव्हे. सोडल्याचे पत्र द्या, ‘अमुक तारखेपर्यंत रक्कम अदा, पुढे देय नाही’ असा दाखला घ्या आणि दुसऱ्या दिवसापासून नवी सुरू करा. आधीच्या फेलोशिपचा काळ पाच वर्षांतून वजा होणार का, हे संस्थेमार्फत लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तर माणसागणिक बदलते.

उलट, नोंदणी होऊन तीन वर्षे झाली आहेत, प्रबंध वर्षभरात जाणार आहे आणि राज्याची रक्कम येत आहे, तर बदलाच्या कागदपत्रांत जाणारे चार महिने परवडतात का ते आधी पाहा. यूजीसी फेलोशिप प्रबंध सादर झाला की थांबते.

दोन वर्षांनी एसआरएफ आपोआप होत नाही. मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि बाहेरचा तज्ज्ञ अशी तिघांची समिती काम तपासते. बाहेरचा तज्ज्ञ मिळवणे हेच वेळखाऊ काम असते, त्यामुळे दोन वर्षे पुरी व्हायच्या दोन महिने आधीच मार्गदर्शकांना आठवण करा. समितीला काम अपुरे वाटले तर सुधारणेसाठी एक वर्ष मिळू शकते, पण ते जेआरएफच्याच दराने, म्हणजे मूळ रकमेतच महिन्याला ५,००० कमी. वर्षाला ३० दिवसांच्या रजेपलीकडे गैरहजेरी गेली तर तेवढे पैसे कापले जातात. प्रसूती रजेची सोय वेगळी असून ती आधी अर्ज करून घ्यावी लागते.

पैसे अडकले तर कोणाकडे जायचे

वर लिहिण्याआधी खाली पाहा: हजेरी गेली का, मेकरने भरली का, चेकरने मंजूर केली का. दहांतली बहुतेक प्रकरणे इथेच सापडतात. तीनही ठीक असतील तर पोर्टलवरची स्थिती स्क्रीनशॉटसह यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार म्हणून टाका. केंद्राच्या कोणत्याही योजनेसाठी सीपीग्राम्स हे तक्रार पोर्टल आणि राज्याच्या योजनांसाठी आपले सरकार पोर्टल आहे. तक्रारीत रागाची वाक्ये नकोत. अवॉर्ड क्रमांक, कोणत्या महिन्यांचे पैसे, संस्थेने पुष्टी केल्याची तारीख, एवढेच चार ओळींत.

त्याने हलले नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. ‘माझी फेलोशिप का दिली नाही’ असा प्रश्न विचारला तर ‘माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असे उत्तर येते. त्याऐवजी मागायचे असे: माझ्या प्रस्तावाच्या फाइलवरील टिप्पणी पानांच्या साक्षांकित प्रती, प्रस्ताव ज्या ज्या अधिकाऱ्याकडे गेला त्यांची पदनामे आणि तारखा, आणि प्रस्ताव निकाली काढण्याची विहित मुदत सांगणाऱ्या परिपत्रकाची प्रत. अर्ज नेमक्या जन माहिती अधिकाऱ्याच्या पदनामाने पाठवा आणि पोच जपा. पहिल्या अपिलासाठी उत्तरापासून, किंवा उत्तरच आले नाही तर तीस दिवसांची मुदत संपल्यापासून, आणखी तीस दिवस मिळतात.